पाणी द्यायचं नाही, पण तहान?

प्रश्न: दोन महिन्यांपूर्वी वडिलांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. संध्याकाळी त्यांना वॉर्डात आणलं. शुद्धीवर आल्यावर त्यांचा पहिला शब्द होता, ‘पाणी’. सिस्टर म्हणाल्या, ‘उद्या डॉक्टर बघतील, तोवर थेंबही द्यायचा नाही.’ रात्रभर बाबा पाणी मागत राहिले आणि मी नाही म्हणत राहिले. सलाईन तर चालूच होतं, मग एवढी तहान कशी? पहाटे मी थोडा वेळ बाहेर गेले, तेवढ्यात भावाने त्यांना अर्धा ग्लास पाणी पाजलं. थोड्याच वेळात उलटी झाली, टाक्यांवर ताण येऊन ते कळवळले. पुढे सगळं सुरळीत झालं. पण ‘तू मला घोटभर पाणी दिलं नाहीस’ असं बाबा अजून म्हणतात, आणि भावाशी माझं धड बोलणं नाही. पुढच्या महिन्यात आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. तीच रात्र पुन्हा काढायची का?

उत्तर:

प्रिय ताई,

नाही, तशी रात्र पुन्हा काढायची नाही. आईचं पाणी काही तास बंद असेल, ते टाळता येईलच असं नाही. पण त्या तासांत तिची तहान कमी करण्यासारखं पुष्कळ काही आहे. बाबांच्या वेळी ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही. ‘थेंबही नाही’ असं म्हणून पुढच्या खाटेकडे वळणाऱ्या परिचारिकांमध्ये एके काळी मीही होते, म्हणून तुमचं पत्र मला जास्त लागलं.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतला एक रुग्ण मी विसरू शकत नाही. पोटाच्या ऑपरेशननंतर त्यांना थोडा ताप होता, म्हणून कपाळावर ओल्या कापडाची घडी ठेवली होती. रात्री फेरीला गेले तर ती घडी कपाळावर नव्हती. त्यांनी ती ओढून तोंडात धरली होती आणि चोखत होते. मला बघून ते ओशाळले, चोरी पकडल्यासारखे. दुखतंय का, हे मी त्यांना चार वेळा विचारलं होतं. तहान लागली आहे का, हे एकदाही विचारलं नव्हतं. तेव्हापासून मी विचारायला लागले.

आता तुमचा मुख्य प्रश्न: सलाईन चालू असताना एवढी तहान कशी?

तहानेचा उगम एकाच ठिकाणी नसतो. रक्तातल्या क्षारांचं प्रमाण जेमतेम एक-दोन टक्क्यांनी वाढलं, तरी मेंदूतलं तहानेचं केंद्र जागं होतं. रक्तस्राव झाला किंवा अंगातलं पाणी कमी झालं, तर तिथूनही तहानेचा संदेश जातो. या दोन्हींवर सलाईनचा उपयोग होतो. पण ऑपरेशननंतरच्या तहानेचा मोठा भाग तोंडातच असतो. आदल्या रात्रीपासून उपास झालेला असतो. भूल देताना लाळ आणि कफ कमी व्हावा म्हणून कधीकधी ग्लायकोपायरोलेट किंवा ॲट्रोपिनसारखं औषध देतात, त्याचा कोरडेपणा नंतरही काही तास टिकतो. श्वासाची नळी घालण्यासाठी तोंड उघडं राहिलेलं असतं आणि घसा नळीने खरवडल्यासारखा झालेला असतो. शुद्धीवर आल्यावर मास्कमधून कोरडा ऑक्सिजन येत असतो. वेदना कमी करणारी मॉर्फिनच्या जातीची औषधंही तोंड कोरडं करतात. बाबांच्या नाकात नळी होती का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असली तर माणूस तोंडाने श्वास घेतो आणि जीभ टाळ्याला चिकटते. शिरेतून गेलेलं सलाईन रक्ताला पाणी पुरवतं, पण जिभेवरून आणि घशावरून पाणी जात नाही. त्यामुळे अंगात पाणी पुरेसं असतानाही माणूस पाण्यासाठी कासावीस होतो.

याच्या उलट बाजूने पाहिलं तर उपायही इथेच सापडतो. उन्हातून आल्यावर आपण ग्लासभर पाणी पितो आणि लगेच बरं वाटतं. ते पाणी तेव्हा पोटातच असतं, रक्तात मिसळायला अजून वेळ असतो. तरी तहान शमते, कारण तोंड आणि घसा मेंदूला आधीच कळवून टाकतात की पाणी आलं. या निरोपात गारव्याचा वाटा मोठा असतो. गार पाणी कोमट पाण्यापेक्षा कमी प्यायलं तरी तहान भागते, हा अनुभव सगळ्यांचा आहे. तोंडातल्या मज्जातंतूंवर गारवा ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारे सूक्ष्म भाग) असतात आणि पुदिन्यातलं मेन्थॉलही तेच ग्राहक जागे करतं. म्हणून मेन्थॉल गार लागतं. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन या दोन शास्त्रज्ञांनी मेन्थॉल वापरूनच हा ग्राहक स्वतंत्रपणे शोधला. तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या ग्राहकांवरच्या कामासाठी २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्याने यातून एवढंच घ्यायचं: पोटात पाणी न जाताही तहान बरीच कमी करता येते.

मग पाणी बंद तरी का ठेवतात? भुलीच्या अमलाखाली ठसका आणि गिळण्याची क्रिया मंदावलेली असते. अर्धवट शुद्धीतल्या, आडव्या झोपलेल्या माणसाला पाणी पाजलं, तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. पोटातलं उलटून तिकडे गेलं तर आणखी वाईट, कारण त्यात आम्ल असतं. कर्टिस मेंडेलसन या अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांनी १९४६ मध्ये ४४,०१६ गरोदरपणांच्या नोंदी तपासून, भुलीखाली पोटातलं फुफ्फुसात गेल्याच्या ६६ घटना मांडल्या. त्यानंतर ऑपरेशनआधी मध्यरात्रीपासून काहीच द्यायचं नाही, ही सवय घट्ट होत गेली. ऑपरेशननंतरचं कारण थोडं वेगळं आहे. आतड्याला हात लागला की ते काही काळ सुस्तावतं. लहान आतडं काही तासांत चालू लागतं, जठराला साधारण एक-दोन दिवस लागतात, मोठ्या आतड्याला दोन-तीन. अशा पोटात एकदम अर्धा ग्लास पाणी गेलं, तर ते पुढे सरकत नाही. बाबांची उलटी बहुधा यामुळेच झाली. पाण्यात दोष नव्हता. ते एका दमात गेलं, आणि पोट तयार आहे का हे कुणी पाहिलेलं नव्हतं.

पण हे सांगताना दुसरंही सांगायला हवं. ‘गॅस पास झाल्याशिवाय पाणी नाही’ हा सरसकट नियम आता मागे पडत चालला आहे. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात रुग्णाला लवकर उठवण्याची आणि लवकर खायला-प्यायला देण्याची पद्धत मांडली. आज आतड्याच्या अनेक ऑपरेशनांनंतरही त्याच दिवशी घोटघोट पाणी सुरू करतात. सगळीकडे नाही, आणि सगळ्या रुग्णांत तर नाहीच. अन्ननलिका किंवा जठर जोडलेलं असेल, आतडं अडलेलं असेल, उलट्या होत असतील, तर थांबावंच लागतं. बाबांना का थांबवलं होतं ते त्यांच्या सर्जननाच ठाऊक. ते मी इथून ठरवू शकत नाही, आणि तुम्हीही त्या रात्री ठरवू शकत नव्हता. म्हणून तुमचं ‘नाही’ बरोबर होतं. त्या ‘नाही’सोबत तुमच्या हातात एक गार ओलं गॉझ (जखमेवर बांधतात ते जाळीदार कापड) असायला हवं होतं, आणि ते द्यायचं काम आमचं होतं.

आता आईसाठी काय करायचं ते नीट लिहिते.

सगळ्यात आधी सिस्टरना विचारा, ‘पाणी बंद आहे हे कळलं. पण तोंड ओलं करू का? बर्फ देऊ का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही बहुधा वेगळी येतात. पुष्कळदा ‘थेंबही नाही’चा अर्थ ‘गिळायला काही नाही’ एवढाच असतो, पण नातेवाइकांना तो शब्दशः कळतो. कशाची परवानगी आहे ते कागदावर लिहून घ्या, म्हणजे पाळी बदलली आणि नवीन सिस्टर आल्या की पुन्हा गोंधळ होत नाही.

मग आईकडे बघा. ती नीट जागी आहे का, नाव विचारलं तर स्पष्ट सांगते का? सांगितल्यावर जोरात खोकता येतं का? स्वतःची लाळ ठसका न लागता गिळता येते का? मळमळ किंवा उलटी तर नाही ना? ब्राझीलमध्ये लोंद्रिना विद्यापीठातल्या परिचारिका-संशोधकांनी ऑपरेशननंतरच्या तहानेसाठी सुरक्षिततेची एक पडताळणी तयार केली आहे. तीही याच गोष्टी बघते: शुद्ध, खोकला आणि गिळणं, मळमळ-उलटी. यातलं एक जरी अडलं तरी तोंडात पाणी किंवा बर्फ द्यायचा नाही. तेव्हा फक्त ओठ ओले करायचे आणि वाट बघायची. वाट थोडीच असते, तासाभराने पुन्हा बघा.

या सगळ्यात आई नीट असेल, पण अजून थोडी सुस्त असेल, तर खाटेचं डोकं वर करता येईल का ते विचारा. गॉझची घडी गार पाण्यात बुडवून घट्ट पिळा, इतकी की एकही थेंब गळू नये. ओठांवरून, मग गालांच्या आतून, हिरड्यांवरून, जिभेवरून हलक्या हाताने फिरवा. फार मागे नेऊ नका, ओकारी येते. गॉझचं टोक आपल्या बोटांत धरून ठेवा. सुटा कापूस वापरू नका, त्याचे धागे तोंडात राहतात. पाणी स्वच्छ, प्यायचंच हवं, आणि वाटी अधूनमधून बदला.

ती पूर्ण जागी झाली आणि सिस्टरनी हो म्हटलं, की गार पाण्याने चूळ भरू द्या. तोंडात पाणी घोळवायचं आणि ट्रेमध्ये थुंकायचं. हा सगळ्यात साधा उपाय आहे आणि सगळ्यात कमी वापरला जातो. कितीतरी नातेवाइकांना वाटतं, चूळही बंद आहे. मऊ ब्रशने दात आणि जीभ घासली तर आणखी बरं वाटतं. रात्रभराचा चिकटपणा निघाला की अर्धी तहान निघून जाते, हे मी रुग्णांच्या तोंडून कितीदा तरी ऐकलं आहे. आईला कवळी असेल तर ती स्वच्छ धुऊन, ओली करून, विचारून परत बसवा.

स्वच्छ पाणी भरलेली छोटी फवाऱ्याची बाटली फार उपयोगी पडते. ती थंड ठेवायची आणि गालाच्या आतल्या बाजूला एक-दोन फवारे द्यायचे, घशात सरळ मारायचे नाहीत. अमेरिकेत कॅथलीन पंटिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिदक्षता विभागातल्या २५२ रुग्णांवर याचा अभ्यास केला. गार पाण्याचा फवारा, ओल्या स्पंजने तोंड पुसणं आणि ओठांना मेन्थॉलचा लेप, एवढंच केलं. ज्यांना हे मिळालं त्यांची तहान आणि तहानेचा त्रास, दोन्ही कमी झाले. २०१४ मध्ये तो अभ्यास छापून आला. तो वाचला तेव्हा मला त्या ओल्या घडीवाल्या रुग्णाची आठवण झाली.

बर्फाची परवानगी मिळाली तर छोटा तुकडा द्या, चघळायला नाही, तोंडात विरघळू द्यायला. गारवा बराच वेळ टिकतो आणि पोटात जाणारं पाणी अगदी थोडं असतं. पण ते मोजायचं असतं. कपभर बर्फाचे तुकडे वितळले की साधारण अर्धा कप पाणी होतं, आणि सिस्टरच्या तक्त्यात ते लिहिलं जायला हवं. किती दिलं ते तुम्हीच नोंदवत राहा.

ओठांना पाण्यावर आधारलेलं जेल लावा. ऑक्सिजन चालू असेल तर तेलकट मलम किंवा पेट्रोलियम जेली लावू नका, ऑक्सिजनजवळ तेलकट पदार्थ पेट घेऊ शकतात. ग्लिसरीन आणि लिंबाच्या काड्याही नकोत. त्या जुन्या काळी आम्ही सर्रास वापरायचो. पण ग्लिसरीन पाणी ओढून घेतं, त्यामुळे थोड्या वेळाने तोंड आधीपेक्षा कोरडं होतं, आणि लिंबाचं आम्ल दातांना आणि सोललेल्या जागांना झोंबतं. ऑक्सिजनमुळे फार कोरड पडत असेल तर तो ओलसर करून देता येईल का, हेही विचारा.

पाणी सुरू झालं की घाई करू नका. आधी एक-दोन चमचे, मग थांबा. मळमळ नसेल तर १५-२० मिनिटांनी आणखी थोडं. ‘आता परवानगी मिळालीच आहे’ म्हणून बाटली पुढे करू नका. यामागे उलटीपेक्षाही मोठं कारण आहे. ऑपरेशननंतर वेदना, मळमळ आणि ताण यांमुळे शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडत राहतं, कधीकधी दोन-तीन दिवस. लघवीवाटे पाणी नेहमीसारखं बाहेर पडत नाही. अशात कुणी लिटरच्या लिटर साधं पाणी पीत गेलं, तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, माणूस बडबडतो किंवा गळून जातो, झटकेही येऊ शकतात. म्हणून तोंडाची कोरड तोंडातच भागवणं, हे पाणी सुरू झाल्यावरही चालू ठेवायचं. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे आणि पाणी मोजून प्यायचं आहे, त्यांच्यासाठी तर हे फारच महत्त्वाचं.

गिळणं नीट असेल तर डॉक्टरांना विचारून बिनसाखरेचं च्युइंगगम देता येतं. चघळल्याने लाळ सुटते आणि आतड्यालाही चालना मिळते. तोंड, जबडा किंवा घशाचं ऑपरेशन झालेल्यांना मात्र यातलं काहीही, अगदी ओलं गॉझसुद्धा, विचारल्याशिवाय नको.

एक गोष्ट ठळक अक्षरांत लक्षात ठेवा. तहान कधीकधी निरोप असते. तोंड ओलं करूनही तहान वाढतच चालली आहे, सोबत नाडी जलद आहे, हातपाय गार पडलेत, चक्कर येते, अस्वस्थपणा वाढतोय, लघवीच्या पिशवीत तासन्‌तास फारसं काही जमत नाही किंवा ड्रेसिंग रक्ताने भिजतंय, तर बर्फाच्या मागे लागू नका. लगेच सिस्टरना बोलवा. आत रक्तस्राव होत असेल किंवा अंगातलं पाणी कमी पडत असेल. मधुमेही माणसाला खूप तहान आणि खूप लघवी, दोन्ही होत असेल, तर साखर तपासायला सांगा. ‘उगाच बोलावलं’ असं कुणाला वाटलं तरी चालेल.

आता ऑपरेशनच्या आधीचं, कारण निम्मी तहान तिथेच तयार होते. मध्यरात्रीपासून पाणी बंद, ही गोष्ट अनेक रुग्णांना आता गरजेची राहिलेली नाही. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्येच लिहून ठेवलं, की निरोगी माणसाला ठरवलेल्या ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत पारदर्शक द्रव प्यायला हरकत नाही. पारदर्शक म्हणजे पाणी, गर नसलेला रस, बिनदुधाचा चहा. दूध आणि हलकं खाणं सहा तास आधी थांबवायचं, तेलकट-जड खाणं आठ तास. दीर्घकाळचा मधुमेह, गरोदरपण, जठर हळू रिकामं होणं, वजन उतरवण्याची काही इंजेक्शनं, अशा परिस्थितीत हिशेब बदलतो. म्हणून आईची तपासणी करणाऱ्या भूलतज्ज्ञांनाच थेट विचारा: शेवटचा घोट किती वाजता घ्यायचा? आणि ऑपरेशन पुढे ढकललं गेलं, तर मधल्या वेळेत पाणी देऊ का? हा दुसरा प्रश्न विसरू नका. सकाळी आठचं ऑपरेशन दुपारी तीनला होतं आणि तोवर रुग्णाने आदल्या रात्रीपासून थेंब घेतलेला नसतो, असं मी फार वेळा पाहिलं आहे.

पित्ताशयाचं ऑपरेशन बहुतेक वेळा दुर्बिणीने होतं. त्यानंतर मळमळ नसेल तर त्याच दिवशी, काही तासांत, पाण्याचे घोट सुरू होतात. आईची रात्र बाबांच्या रात्रीइतकी लांब असण्याची शक्यता कमी आहे. तिला हे आधी सांगून ठेवा: जाग येईल तेव्हा तोंड कोरडं असेल, लगेच पाणी मिळणार नाही, पण आम्ही गार गॉझ घेऊन बसलेलो असू. आधी कळलेला त्रास सोसायला सोपा जातो. आणि तिला तहान किती आहे ते विचारत राहा, शून्य ते दहा असा आकडा सांगायला लावा, वेदनेसाठी विचारतात तसा. बहुतेक रुग्ण तहान आपणहून सांगत नाहीत, त्यांना वाटतं ती सोसायचीच असते.

बाबांशी एकदा निवांत बोला. त्यांचा राग खरा आहे, त्या रात्रीची कोरडही खरी होती. वाद घालू नका. ‘तुम्हाला किती तहान लागली होती ते मला तेव्हा कळलं नाही, आणि तोंड ओलं करता येतं हे मला कुणी सांगितलं नाही,’ एवढं म्हणा. त्यांना बहुधा पाण्याचा घोट नाकारल्यापेक्षा आपलं कुणी ऐकलं नाही, हे जास्त लागलं असावं.

भावाबद्दल: त्याने केलं ते धोक्याचं होतं, हे त्याला कळायलाच हवं. हे पत्र त्याला वाचायला द्या. पण वडिलांची तगमग बघवली नाही म्हणून त्याने ते केलं, हेही तितकंच खरं. आईच्या ऑपरेशनच्या रात्री पहाटेची पाळी त्यालाच द्या. वाटी, गॉझ, फवाऱ्याची बाटली आणि परवानगीचा कागद त्याच्या हाती सोपवा, आणि गॉझ किती घट्ट पिळायचं ते त्याला घरीच एकदा करून दाखवा.